वेगवान दुभाषा आणि विकिपीडियाची पाच वर्षे

विकिपीडियावरील एखादा लेख वाचणे आणि त्याच लेखात एखादी दुरुस्ती करणे, या दोन क्रिया माणसाच्या दृष्टीने फारशा निराळ्या नाहीत. संगणकाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लेख नुसता वाचायचा असेल, तर आधीच रचून ठेवलेले पान साठवणीच्या सर्व्हरवरून उचलले जाते आणि वाचकाकडे रवाना होते. दुरुस्ती करून पान जतन केले की लेखाचा सारा मजकूर, त्यातील तळटीपा, माहितीचौकटी आणि साचे पुन्हा एकदा वाचून ते पान नव्याने रचावे लागते. २०१४ सालापर्यंत या कामाला सरासरी सहा सेकंद लागत असत. सहा सेकंद म्हणजे काही फार नव्हेत, असे कोणालाही वाटेल. पण दिवसाकाठी पन्नास दुरुस्त्या करणारा संपादक त्या हिशेबाने रोज पाच मिनिटे नुसता पडद्याकडे पाहत बसतो. आणि विकिपीडियाचा संपादक हा पगारी नोकर नसतो. कंटाळून तो उठून गेला, तर त्याला थांबवण्याचा कोणताही उपाय कोणाच्या हाती नसतो.

डिसेंबर २०१४ मध्ये हा सरासरी वेळ तीन सेकंदांवर आला. पाने रचणाऱ्या सर्व्हरांच्या प्रोसेसरवरील भार पन्नास टक्क्यांच्या आसपास असे, तो दहा टक्क्यांवर उतरला. यासाठी नव्या यंत्रांचा ताफा खरेदी करावा लागला नाही. विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’ नावाच्या आज्ञावलीवर चालतो, ती आज्ञावलीही नव्याने लिहावी लागली नाही. बदलला तो फक्त त्या आज्ञावलीचा दुभाषा, म्हणजे संगणकशास्त्राच्या परिभाषेतील इंटरप्रिटर. आणि पुढे पाच वर्षांच्या आत, सप्टेंबर २०१९ पर्यंत, ज्याने इतका वेग दिला तो दुभाषा विकिपीडियाने पूर्णपणे काढून टाकला होता. असे का घडले, हे समजून घ्यायचे तर मुळात हा दुभाषा काय करतो येथून सुरुवात करावी लागेल.

संगणकाच्या प्रोसेसरला फक्त यंत्रभाषा कळते. माणूस आज्ञावली लिहितो ती पीएचपी, पायथन, रुबी अशा एखाद्या भाषेत. या दोहोंमधील दरी बुजवण्याचे दोन जुने मार्ग आहेत. पहिला मार्ग कंपायलरचा. संपूर्ण आज्ञावलीचे एकदाच यंत्रभाषेत रूपांतर करायचे आणि पुढे तेच रूपांतर चालवायचे. दुसरा मार्ग दुभाष्याचा. तो आज्ञावली समोर ठेवतो आणि एकेक आज्ञा वाचून त्याप्रमाणे लगेच कृती करून घेतो. परदेशाहून आलेली कामाची यादी एखादा दुभाषा कारखान्यात उभा राहून कामगारांना एकेक ओळ समजावून देत आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. यादीत ‘खालील तीन कामे हजार वेळा करावीत’ असे लिहिले असेल, तर हा गृहस्थ त्या तीन ओळी हजार वेळा समजावून देतो. नवशे नव्याण्णव वेळा आपण हेच सांगितले आहे, याची त्याला आठवण नसते. प्रत्यक्षात आजचे दुभाषे मूळ अक्षरे पुन्हा पुन्हा वाचत नाहीत. ते आधी त्यांचे आटोपशीर अशा मधल्या आज्ञांत रूपांतर करून ठेवतात. पण हजार वेळा तेच सांगण्याचा दोष त्याने जात नाही.

याहून मोठा खर्च निराळ्याच जागी होतो. पीएचपीसारख्या भाषेत एखाद्या नावाखाली पूर्णांक आहे, अपूर्णांक आहे, मजकूर आहे की यादी आहे, हे आधी जाहीर करावे लागत नाही. लिहिणाऱ्याची ही मोठीच सोय असते. परंतु ‘या दोहोंची बेरीज कर’ अशी आज्ञा आली की दुभाष्याला प्रत्येक वेळी थांबून पाहावे लागते : पहिली वस्तू कोणत्या जातीची, दुसरी कोणत्या जातीची, एक संख्या आणि दुसरा मजकूर असेल तर मजकुराची संख्या करता येईल काय? पीएचपीत अक्षररूपाने लिहिलेल्या दहामध्ये पाच मिळवले तर निमूटपणे पंधरा हे उत्तर मिळते. हा निमूटपणा दुभाष्याच्या घामातून आलेला असतो. प्रत्यक्ष बेरीज हे प्रोसेसरचे क्षणार्धाचे काम. तिच्या आधीची चौकशी मात्र त्याच्या कितीतरी पट.

पीएचपीचा जन्म झाला तेव्हा हा विचार कोणी केला नव्हता, आणि करण्याचे कारणही नव्हते. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली आपल्या वैयक्तिक संकेतस्थळासाठी लिहिलेली काही हत्यारे लोकांसाठी खुली केली. पुढे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या इस्रायलमधील दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला, १९९८ मध्ये पीएचपीची तिसरी आवृत्ती आली आणि २००० मधील चौथ्या आवृत्तीपासून ‘झेंड इंजिन’ हा तिचा अधिकृत दुभाषा ठरला. शिकायला सोपी, फुकट आणि कोणत्याही स्वस्त सर्व्हरवर चालणारी ही भाषा महाजालावर वाऱ्यासारखी पसरली. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाची पहिली प्रणाली पर्ल भाषेत होती. २००२ मध्ये ती पीएचपीत आली. २००४ साली हार्वर्डच्या वसतिगृहात फेसबुक लिहिले गेले, तेही पीएचपीतच.

फेसबुकची अडचण तिच्या यशातून उद्भवली. फेब्रुवारी २०१० मध्ये तिचे सदस्य ४० कोटींवर गेले होते. सर्व्हर वाढवून वेळ मारून नेता येते, पण हजारो सर्व्हरांच्या ताफ्यात दुभाष्याचा आळस म्हणजे इमारती आणि विजेची देयके. सारी आज्ञावली वेगवान भाषेत पुन्हा लिहून काढावी, हा उपाय कागदावर शोभणारा. रोज बदलणाऱ्या, शेकडो अभियंत्यांच्या हातांखालून जाणाऱ्या लक्षावधी ओळींच्या बाबतीत तो अमलात येणे कठीण. तेव्हा हायपिंग झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषा तीच ठेवून तिच्याखालचे यंत्र बदलले. ‘हिपहॉप’ नावाचे त्यांचे साधन पीएचपीतील आज्ञावलीचे सी प्लस प्लस भाषेत रूपांतर करीत असे आणि मग ते रूपांतर नेहमीच्या कंपायलरमधून काढले जाई. फेब्रुवारी २०१० मध्ये फेसबुकने ते जगाला खुले केले, तेव्हा सर्व्हरांवरील प्रोसेसरचा भार सरासरी निम्म्यावर आल्याचे तिने सांगितले होते.

हा पहिला प्रयोग यशस्वी असला तरी सुखाचा नव्हता. साऱ्या संकेतस्थळाचे मिळून सुमारे दीड गीगाबाइटचे एकच धूड तयार होई आणि ते हजारो सर्व्हरांवर पोचवण्यासाठी, चित्रपटांच्या चोरट्या देवाणघेवाणीमुळे बदनाम झालेल्या बिटटोरंट तंत्राचा आधार घ्यावा लागे. शिवाय एका ओळीत बदल केला की हे सारे रूपांतर पुन्हा करणे आले. काम करणाऱ्या अभियंत्यांना ते परवडेना. म्हणून त्यांच्यासाठी एक साधा दुभाषा निराळा बनवण्यात आला. परिणाम असा झाला की लिहिणारा एका दुभाष्यावर तपासणी करी आणि लोकांपुढे ते काम दुसऱ्याच यंत्रावर चाले. दोघांच्या वागण्यात बारीकसा जरी फरक असला, तरी तो नेमका लोकांपुढे आल्यावर उघड होणार.

यातून जन्म झाला तो ‘हिपहॉप व्हर्च्युअल मशीन’चा, म्हणजेच एचएचव्हीएमचा. २०१३ च्या सुरुवातीस फेसबुकने जुना कंपायलर निवृत्त करून सारा कारभार या नव्या दुभाष्याकडे सोपवला. त्याची कार्यपद्धती दोन्ही जुन्या मार्गांच्या मधली आहे. आज्ञावली आधी रूपांतरित करून ठेवायची नाही. ती चालू असतानाच, गरज पडेल त्या तुकड्याचे यंत्रभाषेत भाषांतर करून ते जपून ठेवायचे. वरील उदाहरणातील दुभाष्याने आता वही बाळगली आहे, असे समजावे. त्याच त्या ओळी वारंवार येत आहेत असे दिसले की तो त्यांचा तर्जुमा वहीत उतरवून कामगारांच्या हाती देतो आणि स्वतः बाजूला होतो.

या वहीतील खरी हुशारी जातीच्या चौकशीशी निगडित आहे. बेरजेच्या एखाद्या ठिकाणी दर वेळी दोन पूर्णांकच येत आहेत, असे अनुभवास आले की दुभाषा केवळ पूर्णांकांच्या बेरजेचा आखूड आणि झटपट तर्जुमा करून ठेवतो. मात्र त्याच्या दाराशी एक पहारेकरी उभा करतो. आलेल्या दोन्ही वस्तू पूर्णांक आहेत ना, एवढेच त्याने पाहायचे. असतील तर आत सोडायचे. एखादी अपूर्णांक निघाली तर तिच्यासाठी दुसरा तर्जुमा किंवा जुनी सावकाश वाट आहेच. लिहिणाऱ्याने जातीची घोषणा केलेली नसली तरी बहुतेक आज्ञावल्या रोजच्या वागण्यात कमालीच्या एकसुरी असतात, या निरीक्षणावर हा सारा डोलारा उभा आहे. हे तंत्र काही फेसबुकने शोधलेले नाही. स्मॉलटॉक आणि सेल्फ या जुन्या भाषांवरील संशोधनापासून त्याचा वारसा चालत आला आहे, आणि प्रत्येकाच्या ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट आज याच कुळातील युक्त्यांनी धावते.

दुसऱ्याचे वेगवान यंत्र आपल्या कारभारात आणायचे, तर पहिला प्रश्न वेगाचा नसतो. जुन्या यंत्रावर जे चालत होते ते सारे नव्यावर जसेच्या तसे चालेल काय, हा तो प्रश्न. पीएचपीच्या बाबतीत तो फारच अवघड होता. या भाषेची लिखित घटनाच अस्तित्वात नव्हती. मूळ दुभाषा जे करतो ती पीएचपी, एवढीच तिची व्याख्या. यादी क्रमाने लावताना सारख्या किमतीच्या दोन नोंदी आल्या तर त्यांतील आधी कोणती, असल्या बाबी कोठेही ठरवून दिलेल्या नसतात. तरीही कोणाची तरी आज्ञावली नकळत त्यांवर विसंबलेली असते. एचएचव्हीएमच्या चमूने पीएचपीतील वीसेक लोकप्रिय प्रणालींच्या चाचण्या आपल्या दुभाष्यावर चालवण्याचा सपाटा लावला आणि २०१३ च्या अखेरीस त्यांतील सरासरी ९८.५ टक्के चाचण्या उत्तीर्ण होत असल्याचे जाहीर केले. पुढे जुलै २०१४ मध्ये फेसबुकनेच पुढाकार घेऊन भाषेच्या लिखित नियमावलीचा मसुदाही मांडला. ९८.५ हा आकडा दिसायला घसघशीत. पण ज्याला रोजचा कारभार चालवायचा आहे, त्याचे लक्ष उरलेल्या दीड टक्क्यावर असते. आपली आज्ञावली त्या दीड टक्क्यात अडकते की नाही, हे चालवून पाहिल्याखेरीज कळत नाही.

विकिमीडिया प्रतिष्ठानने हे २०१४ भर चालवून पाहिले. देणग्यांवर चालणारी ही संस्था जगातील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या संकेतस्थळांपैकी एक सांभाळते. तिचे तांत्रिक मनुष्यबळ मात्र त्या मानाने अगदीच बेताचे. फेसबुकने आपला एक अभियंता सुमारे महिनाभर तिच्या मदतीला दिला होता. सर्वांत मोठा अडसर निघाला तो पीएचपीत न लिहिलेल्या भागांचा. लेखाच्या दोन आवृत्त्यांतील फरक दाखवणारा भाग, तसेच साच्यांसाठी २०१३ पासून वापरात आलेली लुआ भाषा चालवणारा भाग, हे दोन्ही वेगासाठी सी आणि सी प्लस प्लस भाषांत लिहिलेले होते आणि थेट मूळ दुभाष्याच्या आतड्यांना जोडलेले होते. दुभाषा बदलला की ही जोडणी तुटते. मीडियाविकीचे जुनेजाणते आज्ञावलीकार टिम स्टार्लिंग यांनी मग एचएचव्हीएममधील जुळवणीचा थर सुधारून हे भाग त्यावर चालते केले. दुभाषा बदलू पाहणाऱ्या कोणाचीही पहिली ठेच बहुधा याच दगडाला लागते, हे पुढे पायथनच्या संदर्भात पुन्हा दिसेल.

प्रत्यक्ष बदलही एका रात्रीत केला गेला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये लॉग-इन करणाऱ्या संपादकांना हा नवा दुभाषा स्वेच्छेने निवडण्याची सोय देण्यात आली. त्यांची विनंती नव्या यंत्रणेच्या सर्व्हरांकडे वळवली जाई आणि त्यांनी केलेल्या संपादनांवर ‘एचएचव्हीएम’ अशी खूण उमटे. काही बिघडलेच, तर ते नेमके कोणामुळे हे शोधता यावे, यासाठी ही व्यवस्था होती. मग हळूहळू एकेक सर्व्हर नव्या यंत्रणेवर आणत डिसेंबरच्या सुरुवातीस स्थलांतर पूर्ण झाले. जतन करण्याचा सरासरी वेळ निम्मा झाल्याचे वर आलेच आहे. लॉग-इन केलेल्या सदस्यांना पान दिसण्यास लागणारा सरासरी वेळही १.३ सेकंदांवरून ०.९ सेकंदावर आला. नव्या सर्व्हरांच्या नियोजित खरेदीला कात्री लावता आली. देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत या शेवटच्या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. साधा वाचक मात्र या साऱ्यापासून अनभिज्ञ राहिला. त्याला साठवणीतले पानच मिळत होते आणि ते पूर्वीही झटपटच मिळत असे.

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही याच सर्व्हरांवर आणि याच मीडियाविकीवर चालतो. त्यामुळे या स्थलांतराचा लाभ त्याच्या मोजक्या संपादकांनाही झाला. येथे पीएचपीच्या एका जुन्या उणिवेचा उल्लेख अस्थानी ठरू नये. पीएचपीला मजकूर म्हणजे नुसत्या बाइटांची माळ वाटते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तेव्हा ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर ही भाषा पंधरा असे उत्तर देते. म, र, काना, ठ आणि वेलांटी मिळून पाच चिन्हे, तिप्पट पंधरा. पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीत हा दोष मुळातून दूर होणार होता. वेग आणि स्मृती यांवर पडणारा बोजा आणि कामाचा अवाढव्य पसारा यांमुळे ती योजना २०१० मध्ये सोडून देण्यात आली. सहावी आवृत्ती कधी आलीच नाही. पाचव्यानंतर एकदम सातवी आली, ती या इतिहासामुळे.

आणि या सातव्या आवृत्तीनेच पुढची कथा फिरवली. एचएचव्हीएमच्या वेगाची चर्चा सर्वत्र होऊ लागली, तसे मूळ पीएचपीचे कर्तेही अस्वस्थ झाले. झेंडमधील दिमित्री स्तोगोव यांनी आरंभी चालू आज्ञावलीचे भाषांतर करण्याच्या याच तंत्राचा प्रयोग केला होता. छोट्या गणिती चाचण्यांत तो चमकला, पण वर्डप्रेससारख्या खऱ्याखुऱ्या प्रणालीत त्याने विशेष फरक पडेना. कारण शोधता शोधता ध्यानात आले की प्रोसेसरचा वेळ आज्ञा समजून घेण्यात जितका जातो, त्याहून अधिक तो स्मृतीची मांडामांड करण्यात खर्च होतो. तेव्हा स्तोगोव, निकिता पोपोव आणि शिनचेन हुई या त्रयीने दुभाष्याच्या पोटातील सामानच नव्याने लावले. प्रत्येक मूल्य ठेवण्याचा डबा २४ बाइटांचा होता, तो १६ बाइटांचा झाला; यादीतील एकेका नोंदीचा कप्पा ७२ बाइटांवरून ३२ वर आला. घरातील अडगळ आवरल्यावर चालणे सोपे व्हावे, तसे हे झाले. ३ डिसेंबर २०१५ रोजी पीएचपी ७ बाहेर पडली, ती पूर्वीच्या ५.६ या आवृत्तीच्या सुमारे दुप्पट वेगाने. चालू भाषांतराच्या तंत्राचा त्यात लवलेशही नव्हता.

विकिपीडियाने एचएचव्हीएम स्वीकारल्याला त्या वेळी नेमके एक वर्ष झाले होते. आता मूळ दुभाषाच जवळपास तितका वेगवान झाल्यावर परक्याचे ओझे कशाला, असा प्रश्न अनेक संस्थांना पडला. तोवर फेसबुकचीही दिशा बदलली होती. मार्च २०१४ मध्ये तिने ‘हॅक’ ही पीएचपीपासून निघालेली, पण जातींची घोषणा करू देणारी स्वतःची भाषा जाहीर केली होती आणि आपली आज्ञावली झपाट्याने तिच्यात रूपांतरित केली होती. जातीची माहिती आयती मिळू लागली की दुभाष्याचे काम आणखी सोपे होते. याउलट पीएचपीच्या जुन्या लकबी सांभाळत बसणे आता फेसबुकला जाचक वाटू लागले. सप्टेंबर २०१७ मध्ये एचएचव्हीएमच्या चमूने जाहीर केले की पीएचपी ७ शी जुळवून घेण्याचे उद्दिष्ट आपण ठेवणार नाही. यापुढे आपले यंत्र केवळ हॅकसाठी. ३.३० ही पीएचपी चालवणारी शेवटची आवृत्ती ठरली आणि २०१९ मधील चौथ्या आवृत्तीपासून ते दार बंद झाले.

यात फेसबुकचा दोष काढता येईल काय? यंत्र तिचे, खर्च तिचा, अभियंते तिचे. तिने ते फुकट आणि खुले केले होते आणि दिशा बदलण्याची सूचनाही पुरेशी आधी दिली होती. आज्ञावली खुली आहे, तेव्हा ती कोणीही पुढे चालवू शकतो, असा एक लाडका युक्तिवाद अशा वेळी केला जातो. तो तत्त्वतः बरोबर आहे. व्यवहारात मात्र एचएचव्हीएमसारखे यंत्र सांभाळण्यासाठी तज्ज्ञ अभियंत्यांचा एक मोठा चमू वर्षानुवर्षे लागतो, आणि विकिमीडियाकडे तो नव्हता. खुली आज्ञावली आणि खुला कारभार या दोन भिन्न गोष्टी आहेत; एकीचे नाव घेऊन दुसरी मिळाल्याचे समाधान अनेकदा मानले जाते.

फेसबुकच्या आणि इतरांच्या गरजांतील फरक लहान गोष्टींतही जाणवणारा होता. असा दुभाषा सुरू झाल्यानंतर पहिला काही वेळ तो सावकाशच असतो. वही भरत आणायला अवधी लागतो. नवी आवृत्ती चढवण्यासाठी तो बंद करून पुन्हा सुरू केला की वही कोरी होते. फेसबुकसारख्या ठिकाणी रोजच नवी आज्ञावली चढत असल्यामुळे तेथील दुभाषा फार काळ सलग चालतच नाही, आणि दीर्घकाळ चालल्यावर डोके वर काढणारे दोष, उदाहरणार्थ हळूहळू होणारी स्मृतीची गळती, तेथे दबून राहू शकतात. ज्याच्या घरी यंत्र आठवडेच्या आठवडे चालते, त्याला ते दोष आधी भेटतात. शिवाय मीडियाविकी केवळ विकिपीडिया वापरतो असे नाही. विद्यापीठे, कंपन्या आणि हौशी मंडळी ती आपापल्या साध्या सर्व्हरांवर मूळ पीएचपीच्या साहाय्याने चालवतात. त्यामुळे एचएचव्हीएमच्या काळात मीडियाविकी लिहिणाऱ्यांना प्रत्येक ओळ दोन दुभाष्यांना सारखीच कळेल, याची खातरजमा करावी लागे.

परतीचा प्रवासही तितक्याच सावधपणे झाला. स्वेच्छेने निवड करणारे संपादक आधी, मग वाचकांच्या रहदारीचा लहानसा हिस्सा, मग तो वाढवत नेणे, हीच रीत पुन्हा अवलंबण्यात आली. सप्टेंबर २०१९ पर्यंत विकिपीडियाचा सारा कारभार पीएचपी ७.२ वर आला आणि त्याच वर्षीच्या मीडियाविकी १.३४ या आवृत्तीने एचएचव्हीएमचा आधार अधिकृतपणे काढून घेतला. एवढे सारे करून मूळ जागी परत यायचे होते, तर २०१४ चा निर्णय चुकीचा होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो रास्त नाही. त्या वर्षी पीएचपी ७ अस्तित्वात नव्हती. तिच्या पूर्वतयारीची वार्ता नुकती कोठे बाहेर आली होती. मधल्या वर्षांत वाचलेले सर्व्हर आणि संपादकांचे सेकंद खरेच वाचले. आणि एचएचव्हीएमची स्पर्धा नसती तर मूळ दुभाष्याने इतकी घाई केली असती काय, याविषयी शंका घेण्यास भरपूर जागा आहे.

पायथनच्या जगात हीच गोष्ट निराळ्या वळणाने घडली. तेथील वेगवान पर्यायाचे नाव पायपाय. आर्मिन रिगो आणि त्यांच्या युरोपातील सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याला आरंभ केला, काही वर्षे युरोपीय संघाचे अनुदानही मिळाले आणि २०१० मधील १.२ या आवृत्तीत चालू भाषांतराचे तंत्र प्रथमच लोकांच्या हाती आले. शुद्ध पायथनमध्ये लिहिलेली, दीर्घकाळ चालणारी, गणिताची किंवा मजकूर पिंजण्याची कामे पायपायवर मूळ दुभाष्याच्या काही पट वेगाने होतात. तरीही रोजच्या कारभारात त्याचा प्रसार मर्यादितच राहिला. कारण पुन्हा तेच, दुसऱ्या भाषेत लिहिलेले भाग. शास्त्रीय गणनेसाठी पायथन वापरणारा जवळजवळ प्रत्येकजण नमपायसारख्या ग्रंथालयांवर अवलंबून असतो आणि त्यांचा गाभा सी भाषेत, मूळ दुभाष्याच्या अंतर्रचनेला बांधलेला असतो. पायपायला अशा ग्रंथालयांसाठी मूळ दुभाष्याचे सोंग घ्यावे लागते. ते सोंग वठते, पण प्रत्येक देवाणघेवाणीत वेळ जातो आणि कमावलेला वेग तेथेच गमावला जातो.

पायपायने घेतलेला आणखी एक निर्णय प्रत्यक्ष वापरात अनेकांना चकवतो. मूळ पायथनमध्ये एखादी वस्तू वापरणारा शेवटचा जण दूर झाला की ती तत्क्षणी नष्ट केली जाते. आज्ञावलीकाराने उघडलेली फाइल बंद करायला तो विसरला, तरी दुभाषा ती आपोआप बंद करतो. पायपाय कचरा गोळा करतो तो आपल्या सवडीने. फाइल बंद होते, पण केव्हा होईल ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला एखादा सर्व्हर पायपायवर आणला की काही तासांनी ‘उघड्या फाइलींची मर्यादा संपली’ अशी तक्रार करून बसू शकतो. चूक मूळ आज्ञावलीतच होती, ती जुना दुभाषा पोटात घालत होता, एवढेच. पायथनच्या अधिकृत नियमांत तत्क्षणी नष्ट होण्याची हमी कोठेही दिलेली नाही. एचएचव्हीएमच्या कर्त्यांनी मात्र हा धोका ओळखून, वेगाची किंमत मोजूनही, पीएचपीची वस्तू मोजत राहण्याची जुनी पद्धत कायम ठेवली होती.

अलीकडच्या वर्षांत या शर्यतीचे मैदानच बदलले आहे. वेगाच्या युक्त्या आता पर्यायी दुभाष्यांत न राहता मूळ दुभाष्यातच उतरू लागल्या आहेत. नोव्हेंबर २०२० मधील पीएचपी ८ मध्ये चालू भाषांतराचे तंत्र आले. संकेतस्थळांच्या नेहमीच्या कामांत त्याचा लाभ बेताचाच आहे, हा स्तोगोव यांचा जुना अनुभव त्यातही दिसून आला. शॉपिफाय या कंपनीने रुबीसाठी लिहिलेले वायजिट हे यंत्र वेगळे न ठेवता डिसेंबर २०२१ मधील रुबी ३.१ मध्येच सामील करण्यात आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेली पायथन ३.११ ही आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा सरासरी पाव पट वेगवान होती. वस्तूंच्या जाती पाहून त्याप्रमाणे आज्ञा आखूड करण्याची युक्ती तिच्यात आहे.

मूळ दुभाषा सांभाळतो कोण, हा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा झाला आहे. महाजालावरील संकेतस्थळांचा फार मोठा हिस्सा ज्या पीएचपीवर चालतो, तिच्या गाभ्याची खोलवर जाण असणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. पीएचपी ७ च्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या निकिता पोपोव यांनी २०२१ च्या अखेरीस पीएचपीवरील पूर्णवेळ काम सोडून दुसऱ्या प्रकल्पाकडे वळण्याचे ठरवले, तेव्हा ही बाब एकाएकी सर्वांच्या ध्यानात आली. त्याच नोव्हेंबरात जेटब्रेन्स, झेंड, वर्डप्रेसमागील ऑटोमॅटिक अशा कंपन्यांनी एकत्र येऊन पीएचपी फाउंडेशनची स्थापना केली. दुभाष्याची देखभाल करणाऱ्या आज्ञावलीकारांना वर्गणीतून वेतन देणे, हे तिचे मुख्य काम आहे.